रूळ नसलेल्या लोहमार्गावर

शेफील्ड येथील आमच्या चिरंजीवांनीं तीन महिने एकच धोशा लावला होता: वाड्यांतील आपला हिस्सा काकांस देऊन टाकावा आणि आम्ही उभयतांनीं कायमचें त्यांच्याकडेच राहावें. उत्तर द्यावयाचें राहून गेलें होतें. अशांत मे महिन्यांतील एका स्वच्छ सकाळीं आम्ही दोघेंच बेकवेल गांवीं गेलों आणि मॉन्सल ट्रेल नांवाच्या वाटेनें चालूं लागलों.

८॥ मैलांची ही वाट म्हणजे मिडलंड रेल्वेचा जुना मार्ग. ज्या १८६३ सालीं आपल्या बोरघाटांतून आगगाडी चढूं लागली, त्याच सालीं ही गाडी बक्सटनपर्यंत पोंचली. १९६८ सालीं मार्ग बंद झाला. रूळ उखडले गेले आणि १९८१ सालीं त्याची पायवाट झाली. एंजिनासाठीं आंखलेला चढ तो, त्यामुळें आमच्या गुडघ्यांनीं फारशी कुरकुर केली नाहीं.

मोठे बोगदे धोक्याचे म्हणून पुष्कळ वर्षें बंदच होते. २०११ सालीं ते उघडले. हेडस्टोन बोगदा पाव मैलाहून लांब. आंत दिवे आहेत, तरी गारव्यानें अंगावर शहारे आले. खंडाळ्याच्या बोगद्यांत आपलीं मुलें ठोकतात तशीच आरोळी एका गोऱ्या बाळानें ठोकली, आणि आम्हां दोघांसही एकदम हंसूं फुटलें. आमच्यांतील एकाची सारी नोकरी रेल्वेंत गेलेली. त्यानें भिंतीवरून हात फिरविला व बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

बोगदा संपतांच पायांखालीं पांच कमानींचा पूल आणि खोल दरींत वाय नदीचें वळण! ज्यांच्या ‘अन्टु धिस लास्ट’नें महात्मा गांधींचें आयुष्य पालटलें, ते रस्किन या रेल्वेवर भयंकर संतापले होते. दोन गांवच्या रिकामटेकड्यांनीं एकमेकांकडे लौकर पोंचावें, एवढ्यासाठीं देवांची दरी नासली, असा त्यांच्या टीकेचा आशय. आज त्याच पुलाचीं छायाचित्रें घेण्यास लोक लांबून येतात. रस्किनसाहेबांची बाजू आम्हांस पटली. पूल मात्र फारच आवडला.

पुढें लिटनची गिरणी लागते. अनाथ मुलांस राबविण्याबद्दल ती एके काळीं कुप्रसिद्ध होती. आतां तेथें लोकांचीं बिऱ्हाडें आहेत.

दुपारीं मिलर्स डेल स्थानकावर टेकलों. फलाट जागेवर आहेत, इमारतींत चहाही मिळतो. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. रुळांच्या जागीं सायकली धांवत होत्या.

“किती निगुतीनें ठेवलंय, नाहीं?” रेल्वेवाला म्हणाला.

“ठेवलंय खरं. पण अहो, इथं राहिलों तर आपलंही असंच होईल. बाग छान, माणसं हौसेनं येतील-जातील. गाडी तेवढी येणार नाहीं.”

पुण्यास जाऊबाईंच्या नातीची मुंज मार्गशीर्षांत ठरली होती. चहा संपवून आम्हीं तेथूनच चिरंजीवांस फोन केला आणि परतीचीं तिकिटें दिवाळीपूर्वींचीं काढावयास सांगितलीं.