पॅनल पंचवीस वर्षांचं, पण खालच्या डब्याचं काय?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरावर किंवा रानात सोलर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

"एकदा सोलर बसवलं की पंचवीस वर्षं बघायला नको," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे. पंचवीस वर्षं आहेत ती वरच्या काचेच्या पॅनलची. खाली भिंतीला किंवा स्टँडला जो डबा लावलेला असतो, त्याची नाहीत. घरावरच्या संचात त्याला इन्व्हर्टर म्हणतात, रानातल्या सौरपंपाला कंट्रोलर. पॅनलची वीज घराला किंवा मोटारीला चालेल अशी करून द्यायची, हे त्याचं काम. तो बंद पडला की वरची चांगली पॅनल नुसती ऊन खात बसतात.

आपल्या म्हसवड भागात आता हे डबे म्हातारे व्हायला लागलेत. घराच्या छतावरच्या सोलरसाठी राज्यात नेट मीटरिंगचे नियम २०१५ साली आले. त्यानंतर लगेच ज्यांनी संच बसवले, त्यांची दहा वर्षं भरत आली. मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजना २०१८ ची, पीएम-कुसुम २०१९ ची. या पंपांना पाच वर्षांची हमी आणि देखभाल. म्हणजे पहिल्या पहिल्या पंपांची मुदत संपली. इथून पुढं दरवर्षी संपत जाणार.

मुदत संपल्यावर काय होतं, ते दहिवडी रस्त्याच्या एका शेतकऱ्यानं मला दाखवलं. दोन एकर डाळिंब, आंबे बहार धरलेला, फुलं लागलेली, आणि कंट्रोलरवर लाल दिवा. बसवणाऱ्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, हमी संपली, नवा घ्या, पस्तीस हजार. तात्या म्हणाले, "पत्रकार, ऊन फुकाट हाय, पर त्या ऊनाचं पाणी करायला ह्यो डबा लागतुया. पाच वर्सं सायब लोक फोटू काढायला येत हुते. आता कोण फोनबी उचलत न्हाय." बाग वाचवायला त्यांनी डिझेल इंजिन भाड्यानं आणलं. ज्या खर्चातून सुटायला सौरपंप घेतला, तोच खर्च पुन्हा दारात.

हा डबा आधी का जातो? पॅनलमध्ये हलणारा भाग नाही. इन्व्हर्टरच्या पोटात मात्र कार्ड, कपॅसिटर, रिले, पंखा असं सगळं असतं. यातला कपॅसिटर उष्णतेला भितो. साधारण हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. त्यात डबा पश्चिमेच्या भिंतीला, वर पत्रा, आणि पंख्यात माणदेशाची धूळ. वळवाच्या विजा वेगळ्याच. अर्थिंग नीट नसेल तर एका कडाक्यात कार्ड जळतं.

माझ्या घरचं सांगतो. २०१६ साली आम्ही ३ किलोवॅटचा संच बसवला, २५० वॅटची १२ पॅनल. गेल्या उन्हाळ्यात इन्व्हर्टर बंद पडला. ज्याच्याकडून घेतला त्यानं येऊन पाच मिनिटांत निकाल दिला, "हे मॉडेल आता येत नाही. पॅनलपण जुनी झाली. सगळंच नवीन करा." मी पॅनल तपासायला लावली. बाराच्या बारा चांगली निघाली. मग डबा उतरवून सांगलीला कार्ड दुरुस्त करणाऱ्याकडं नेला. दोन कपॅसिटर, एक रिले आणि पंखा बदलला. मजुरीसकट ४,२०० रुपये. आज संच चालू आहे. किती वर्षं चालेल, त्याची हमी कुणी दिलेली नाही. पण लाख-दीड लाखाचा खर्च तूर्त टळला.

दरवेळी दुरुस्तीच परवडते असंही नाही. मुख्य कार्ड जळलं असेल आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर नवा घेतलेला बरा. पण त्याआधी एवढं बघा.

पहिलं, डबाच गेलाय का? घरचा नेट मीटरचा साधा इन्व्हर्टर लाईट गेली की मुद्दाम बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. तो बिघाड नव्हे. कित्येकदा जळालेला कनेक्टर, उडालेला फ्यूज किंवा उंदरानं कुरतडलेली वायर एवढंच कारण असतं.

दुसरं, नवा डबा जुन्या पॅनलला जुळतो का? माझ्या १२ पॅनलचं उघडं व्होल्टेज साडेचारशेच्या आसपास जातं, आणि थंडीतल्या सकाळी त्याहून वर. नव्या इन्व्हर्टरला ते झेपतं का, हे विचारा. एखादं पॅनल फुटलं म्हणून जुन्या माळेत आजचं साडेपाचशे वॅटचं बसवू नका. दोघांचा करंट जुळत नाही.

तिसरं, क्षमता बदलणार असेल तर महावितरणला आधी कळवा.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वतः डबा उघडू नका. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणारी वायर जिवंत असते.

आता मुद्दा धोरणाचा. पीएम सूर्यघर योजना २०२४ ला आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. मागेल त्याला सौर कृषिपंपात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. चांगल्या योजना आहेत, माझा विरोध नाही. पण दोन्हीत पैसा नव्या संचाला आहे आणि देखभाल पाच वर्षं. सहाव्या वर्षी बंद पडलेल्या डब्याला काय? किती बसवले, याचा आकडा प्रत्येक सभेत ऐकू येतो. त्यातले किती चालू आहेत, हा आकडा मी अजून कुठल्या भाषणात ऐकला नाही.

उपाय फार मोठे नाहीत. हमी संपलेल्या पंपांची तालुकावार यादी करा. कंट्रोलर बदलायला अनुदानाचा छोटा का होईना हिस्सा ठेवा. केंद्राच्या सूर्यमित्र योजनेत २०१५ पासून पोरांना सोलरचं प्रशिक्षण मिळतं. त्याला कार्ड दुरुस्तीची जोड देऊन तालुक्याला दोन-चार पोरं तयार करा. आज म्हसवडचा डबा सांगलीला जातो, तो इथंच उघडला तर शेतकऱ्याचे आठ दिवस वाचतील. आणि बहारात आठ दिवस म्हणजे अख्खं वर्ष. पैशाचं म्हणाल, तर १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक याच गावात उभी राहिली. छोट्या कर्जावर संसार उभे राहतात, हे म्हसवडला कुणी शिकवायला नको. शेळीला, शिलाई मशीनला कर्ज मिळतं, तसं कंट्रोलरला का मिळू नये? बँका आणि पतसंस्थांनी यावर विचार करावा.

आपल्यापुरतं एक काम आजच करा. आपल्या डब्यावरची पाटी वाचा, बसवल्याची तारीख आणि हमीची मुदत वहीत लिहून ठेवा. मुदत सरायला महिना असतानाच लेखी तक्रार देऊन तपासणी करून घ्या, पोहोच घ्या. घरच्या संचाचं बिल वाचतंय, त्यातले महिन्याला तीन-चारशे बाजूला टाका. सात-आठ वर्षांत नव्या इन्व्हर्टरची सोय होते.

आणि पुढच्या ग्रामसभेत, आमच्याकडं नगरपरिषदेत, एवढंच विचारा: शाळेवरचं, पाणीपुरवठ्याचं, चौकातलं सोलर बसवलं कधी, आणि आज चालू आहे का? उत्तर लेखी मागा. मिळालं तर मला पाठवा, मी छापतो.