आमच्या डेकवरील चढ

घरांतील वडील माणसाच्या सहस्रचंद्रदर्शनास भेट काय द्यावी, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबांत केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. आमचे थोरले बंधु आरमारांत होते. शालजोडीचें त्यांना अगत्य नाहीं. १९७१ च्या युद्धांत ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर विमानांच्या चाकांखालीं ठोकळे देण्याचें व काढण्याचें काम त्यांच्याकडे होतें. परंतु त्या दिवसांविषयीं त्यांनीं घरांत चार वाक्यें सलग सांगितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. तेव्हां त्या डेकची प्रतिकृतीच स्वहस्तें करून त्यांच्यापुढें ठेवावी, असें आम्हीं ठरविलें. अर्थात् त्यांस न कळूं देतां!

प्रमाण धरलें बहात्तरास एक. म्हणजे सहा फुटांचा एक इंच. हिशेब सोपा, पण जहाज ७०० फूट लांब; प्रतिकृति पावणेदहा फुटांची होणार! एवढी जागा आमच्या घरांत एका जेवणघरांतच आहे, आणि ती मागण्याची आमची छाती नव्हती. म्हणून नाळेकडील तीन फुटांचाच डेक करावयाचें ठरलें.

माळ्यावर काम सुरू झालें. प्लायवुडच्या फळीवर डेकच्या खरखरीतपणासाठीं बारीक पॉलिशपेपर चिकटवून वर राखी रंग दिला. पांगाऱ्याच्या हलक्या लांकडांतून दोन ‘सी हॉक’ विमानें कोरलीं. पंखांचा विस्तार ३९ फूट, तो आमच्याकडे साडेसहा इंच झाला. एकाचे पंख मिटून उभे केले. विमानें डेकला जखडण्याच्या साखळ्या सूनबाईंच्या तुटलेल्या पैंजणांतून निघाल्या. तांब्याच्या तारेवर एम-सील चढवून इंचाहूनहि बुटके खलाशी केले.

डेकचा आकार मात्र आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेला होता. २००१ पासून २०१२ पर्यंत ‘विक्रांत’ मुंबईस संग्रहालय म्हणून उभें होतें; त्या वेळीं आम्ही त्यावर हिंडलों होतों, छायाचित्रेंहि काढलीं होतीं. नाळेकडे डेक घसरगुंडीसारखा वर चढत जातो, तो चढ साधण्यांत आमचा एक महिना गेला. त्याचा आम्हांस अभिमान होता, हें लपवीत नाहीं.

समारंभाच्या सायंकाळीं प्रतिकृति दादांपुढें ठेवली. त्यांची दृष्टि आतां अधू आहे. त्यांनीं बोटांनीं डेक चांचपला. बोटें पुढें सरकत गेलीं आणि चढापाशीं थबकलीं.

“हा उंचवटा कसला रे?”

आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें संग्रहालयाचा दाखला दिला.

“तूं त्याचें म्हातारपण पाहिलेंस,” दादा शांतपणें म्हणाले. “आमच्या वेळीं सगळें सपाट होतें.”

खरेंच होतें तें! हा चढ ‘सी हॅरियर’ विमानांसाठीं १९८० नंतरच्या दशकांत बसविला गेला. ‘सी हॉक’ला डेकवरून फेकी तें वाफेवर चालणारें कॅटापुल्ट, आणि त्याची लांब खांच आमच्या डेकवर नव्हतीच. बाष्पकांना तडे गेल्यामुळें वेग मर्यादित असलेल्या त्याच जहाजावरून ४ डिसेंबर १९७१ रोजीं विमानें कॉक्स बाजारवर गेलीं.

मग दादा बोलूं लागले. इंजिनांच्या गर्जनेंत शब्द ऐकूं येत नसे, सारा व्यवहार हातवाऱ्यांवर. ठोकळा काढून वांकूनच मागें सरकावयाचें. “आणि तुझीं माणसें सगळीं ताठ उभीं! चाकापाशीं कोणी नाहीं?” आम्हीं तेथल्या तेथें एका खलाशाचे पाय वांकवून त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो अंदाजानें चाकापाशीं बसविला आणि कितीतरी वेळ बोट त्यावरून काढलें नाहीं. त्या रात्रीं जेवणाचीं पानें दीड तास खोळंबलीं. वहिनींनीं कोणासहि हांक मारली नाहीं.

२०१४ मध्यें तें जहाज मोडीत निघालें, त्याचें कांहीं पोलाद मोटारसायकलींत गेलें. २०२२ मध्यें त्याच नांवाचें नवें जहाज आरमारांत दाखल झालें. आम्ही छायाचित्रांवर विसंबलों, आणि पन्नास वर्षें शेजारच्या पाटावर जेवणाऱ्या साक्षीदारास एक प्रश्न विचारला नाहीं. भेटीचें गुपित हें केवळ निमित्त; पूर्वीं तरी कोठें विचारलें होतें?

चढ आम्हीं दुसऱ्याच दिवशीं उखडला. सध्यां घरांतील मुलें त्यावरून गोट्या सोडतात. खांच कोरण्याचें काम चालू आहे. आतां मात्र माळ्यावर नव्हे, दादांच्या खाटेशेजारीं.