सीमेवरचा सप्टेंबर

एल पासोच्या विद्यापीठात पाऊल टाकलं आणि नजर वर गेली ती खाली येईना. टेक्सासच्या पश्चिम टोकाचं हे शहर म्हणजे उघडेबोडके करडे डोंगर, काटेरी झुडपं आणि डोळ्यांत घुसणारं ऊन. त्या डोंगरांच्या पायथ्याशी 'युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास अॅट एल पासो' आहे, आणि तिच्या इमारती आहेत चक्क भूतानच्या! वर चढताना आत कलत जाणाऱ्या जाड भिंती, खूप उंचावर खिडक्या, भिंतींच्या पुढे आलेली रुंद छपरं आणि त्यांच्याखालच्या विटांच्या पट्ट्यात बसवलेली रंगीत मंडलं. मधल्या चौकात तर भूतानी कारागिरांनी घडवलेला अस्सल ल्हाखांग, म्हणजे देवालय, उभा आहे. 2008 साली वॉशिंग्टनमधल्या लोकजीवन महोत्सवासाठी तो बांधला होता. पुढे भूतानकडून तो या विद्यापीठाला भेट मिळाला.

याचं मूळ आहे 1914 सालच्या एका मासिकात. त्याच वर्षी इथे खाणकामाचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली होती, तीच पुढे हे विद्यापीठ झाली. तिच्या पहिल्या डीनच्या पत्नी कॅथलीन वॉरेल यांनी 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये भूतानची छायाचित्रं पाहिली. 1916मध्ये संस्थेची मुख्य इमारत जळाली आणि नव्या जागी बांधकाम निघालं, तेव्हा त्यांनी सुचवलं की डोंगर तसेच आहेत, तर इमारतीही तशाच बांधाव्यात. 1917मध्ये त्या उभ्या राहिल्या. कुणीही मान डोलवावी अशी ही गोष्ट. मीही डोलवली.

मग मी दक्षिणेकडे वळून पाहिलं. महामार्ग, रेल्वेचे रूळ, उंच कुंपण, काँक्रीटमध्ये बांधलेलं रिओ ग्रांदे नदीचं पात्र, आणि पलीकडे दुसरा देश. मेक्सिकोचं हुआरेझ शहर इतकं जवळ की गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. तिथल्या डोंगराच्या उतारावर पांढऱ्या चुन्याने भली मोठी अक्षरं काढली आहेत: बायबल हेच सत्य, ते वाचा. मेक्सिकोतला डोंगर अमेरिकेतल्या वर्गांच्या खिडक्यांतून वाचता येतो!

ज्या 1917 साली इकडे भूतानी छपरं चढत होती, त्याच वर्षी पलीकडच्या सांता फे पुलावर काय चाललं होतं, ते मला इथेच कळलं आणि मी सुन्न झालो. हुआरेझहून रोज कामाला येणाऱ्या मेक्सिकन मजुरांना आणि मोलकरणींना उवा आणि टायफसच्या नावाखाली उघडं करून रॉकेल-पेट्रोलसारख्या द्रव्यांनी अंघोळ घालत. 28 जानेवारीच्या सकाळी सतरा वर्षांची कार्मेलिता तोरेस ही मोलकरीण ट्राममधून उतरली आणि म्हणाली, अंघोळ करणार नाही. ट्राममधल्या बाकीच्या बायकांनाही तिने उतरवलं. बघता बघता पुलावर बायकांची गर्दी लोटली. त्या ट्रामच्या रुळांवर आडव्या पडल्या. उठाव मोडला गेला. ती सक्तीची अंघोळ पुढे कित्येक वर्षं चालली. हजारो कोसांवरच्या, कधी न पाहिलेल्या हिमालयातल्या लोकांचं एवढं कौतुक, आणि हाकेच्या अंतरावरच्या शेजाऱ्याची ही किळस! एकाच गावात, एकाच वर्षी! त्या सुंदर छपरांकडे मला नंतर पहिल्यासारखं बघता आलं नाही.

आज याच विद्यापीठात दर दहा विद्यार्थ्यांत आठांहून अधिक लातिनो आहेत, बहुतेक मेक्सिकन वंशाचे. म्हणून इथला वारसा-उत्सव इतर ठिकाणांहून वेगळा. अमेरिकेत 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा-महिना. 1968मध्ये आठवडा म्हणून सुरू झालेली प्रथा 1988मध्ये महिनाभराची झाली. आरंभ 15 तारखेला, कारण ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा तो 1821 सालचा स्वातंत्र्यदिन. मेक्सिकोचा त्याच्या दुसऱ्याच दिवशी. कित्येक कॉलेजांत या महिन्यात एक कोपरा सजतो, लोक येतात, खाऊन जातात. इथे कोपरा कसला, घरच त्यांचं आहे.

चौकात डोक्यावर रंगीत कातरकामाच्या कागदी पताका होत्या आणि मारियाची सुरू होतं. व्हायोलिनं, ट्रंपेटं, छोटी विउएला आणि पोटाशी धरलेला अगडबंब गितारोन. या वाद्यवृंदात ढोल नाही, ताशा नाही. ताल सगळा त्या गितारोनवर. वाजवणारी किरकोळ मुलगी एका वेळी दोन-दोन तारा ओढून घुमारा काढत होती. मध्येच श्रोत्यांतून कुणीतरी लांबलचक, चढत जाणारी आरोळी ठोकी. तिच्यात आनंदही होता आणि हंबरडाही.

मग फळ्यांच्या मंचावर मुली आल्या. हालिस्को प्रांताचा पोशाख, कित्येक वार कापडाचा घेर, त्यावर फितींचे पट्टे. दोन्ही हातांनी घेर फिरवला की रंगांच्या लाटा उठत. खाली पाय कडकडत होते. त्या बुटांच्या टाचांना आणि चवड्यांना खिळे ठोकलेले असतात, म्हणूनच फळ्या अशा बोलतात. नाचून उतरलेल्या एका मुलीशी बोललो. स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, राहायला हुआरेझला. रोज पहाटे पूल पायी ओलांडते, तपासणीच्या रांगेत तास तास उभी राहते.

"रांगेत काय करतेस?"

"गणितं सोडवते. परीक्षेच्या आठवड्यात पूल म्हणजे आमची अभ्यासिकाच असते."

आज पोशाखाची पिशवीही तिने रांगेतून आणली होती. कार्मेलिता उतरली तो हाच पूल, हे तिला ठाऊक होतं. चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, अभ्यासक्रमाच्या वर्गात शिकली होती. हा अभ्यासक्रमही कुणी आपणहून ताटात वाढलेला नाही. 1970च्या आसपास विद्यार्थ्यांनी आमचा इतिहास शिकवा म्हणून आंदोलन केलं. इथेच शिकलेला, हुआरेझमध्ये जन्मलेला पत्रकार रुबेन सालाझार ऑगस्ट 1970मध्ये लॉस एंजेलिसच्या मोर्चाचं वार्तांकन करताना पोलिसांनी झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारला गेला. ते नावही तिने न अडखळता सांगितलं.

शेजारी एलोते मिळत होते: शिजवलेलं कणीस, त्यावर मेयोनेझ, चुरलेलं चीज, लाल तिखट आणि लिंबू. मका माणसाळवला तो मेक्सिकोच्या लोकांनी, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी. ते कणीस हातात आलं आणि मला आमचे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवले. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक इंग्रजांना चुकवत मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागला, मक्यावर संशोधन केलं. तिथल्या चित्रकार दिएगो रिवेराने त्याला आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. कणसं विकणाऱ्या पोराला मी हे सांगितलं, तर त्याने मागची रांग थांबवली आणि ते नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं. माझी छाती अभिमानाने भरून आली.

संध्याकाळी लोतेरिया मांडला. आपल्या हाउजीसारखाच खेळ, पण आकड्यांऐवजी चित्रं: कोंबडा, चंद्र, जलपरी, मृत्यू, निवडुंग. चोपन्न पत्ते, प्रत्येकाच्या तक्त्यावर सोळा चित्रं, आणि खुणेला राजम्याचे दाणे. पत्ता पुकारणारा नुसतं नाव सांगत नाही, त्यावर कोडं किंवा यमक रचतो. पुकारणारी मुलगी इथे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत चालणाऱ्या लेखन-अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी होती, आणि तिच्या यमकांना हशा पिकत होता.

माझ्या बाजूला तिचे आजोबा होते. एल पासोतच वाढलेले. ते म्हणाले, "आमच्या शाळेत मधल्या सुट्टीतही स्पॅनिश बोलायची सोय नव्हती. तोंडून शब्द निसटला की मास्तर हात पुढे करायला लावत आणि पट्टी मारत. घरी आईशी बोलायला तीच भाषा, आणि शाळेत तिच्यापायी मार." टेक्सासमध्ये इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं हा 1918पासून गुन्हा होता, तो कायदा 1969मध्ये गेला. म्हाताऱ्याने तळहात उघडून माझ्यासमोर धरला. मी तो दोन्ही हातांत घेतला. दुसरं काय करावं ते सुचेना.

तेवढ्यात नातीने पुढचा पत्ता पुकारला. आजोबांनी दाणा ठेवला आणि असे काही ओरडले, "लोतेरिया!" की मंचापाशी पोशाख आवरणाऱ्या मुलींनीही माना वळवल्या. नात तक्ता तपासायला आली. एकेक चित्र पडताळलं आणि बेडकावर बोट ठेवून म्हणाली, हा पुकारलाच नाही. आजोबा म्हणाले, पुकारला. ती म्हणाली, नाही. मग भर चौकात, खणखणीत आवाजात, दोघांचं स्पॅनिशमध्ये कडाक्याचं भांडण जुंपलं, आणि आसपासचे सगळे त्यात पडले. निम्मे आजोबांच्या बाजूने, निम्मे नातीच्या.