निळ्या चौकोनातली बाइक

बडा गणपतीजवळ गाडी लावणं सगळ्यांनाच अवघड. माझ्या आत्याची अडचण मात्र वेगळी. ती जोडचाकांची स्कूटर चालवते, मागे कुबड्या बांधलेल्या. पंचवीस फुटी मूर्तीसमोर लोक मान वर करतात, हिची नजर आधी पायऱ्यांवर जाते.

तिथल्याच एका कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये निळ्या चौकोनात व्हीलचेअरचं चित्र रंगवलंय. त्यावर रोज कुणाची तरी बाइक. हटकलं तर, "दोनच मिनिटं, ताई!"

सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही जागा ३.६ मीटर रुंद हवी, प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत. एवढी रुंदी कशाला? गाडीचं दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता यावी म्हणून. रॅम्पला फूटभर चढायला बारा फूट लांबी लागते. आराखडा नियमांत बसत नसेल तर बांधकामाला परवानगी देऊ नये, असं २०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा सांगतो. म्हणजे नकाशात जागा येते. ती रोज मोकळी ठेवणं वॉचमनच्या आणि आपल्या हाती.

आत्याला "चला, उचलून नेतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. भली माणसं आहेत. ती हसून म्हणते, "अरे, मला नको, ती बाइक उचला."