एकच बार, कोणती गोळी?

ठासणीच्या बंदुकीत हलकी आणि वेगवान गोळी घालावी, असं माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. नवख्यांनी विचारलं तर मी तेच सांगायचो, आणि आकडे मांडून सांगायचो. आता माझं मत बदललं आहे. हरणासाठी असो वा रानडुकरासाठी, मी आज जड, न फुटणारी आणि बेताच्या वेगाची गोळी निवडतो. माझं आधीचं म्हणणं ज्यांनी ऐकलं, त्यांना हा बदल का झाला तेही सांगायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

मी अमेरिकेत राहतो, जॉर्जिया राज्याच्या दक्षिण भागात. तांबड्या मातीचा, भुईमुगाचा हा मुलूख. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा भुईमूग एकट्या जॉर्जियात पिकतो, आणि रानडुकरांना तो फार आवडतो. बी पेरलं की रात्रीतून कळप उतरतो आणि तासामागून तास उकरत जातो. ही डुकरं मूळची इथली नव्हेत. १५३९ साली हर्नांडो द सोटो फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्या मोहिमेबरोबर डुकरं आली. पुढे १९१२ मध्ये उत्तर कॅरोलायनात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणली गेली. सुटलेली पाळीव डुकरं आणि हे रानटी रक्त यांची सरमिसळ होऊन आज देशभर, निदान ३५ राज्यांत, सुमारे ६० लाख डुकरं आहेत. इथे खाजगी जमिनीवर त्यांच्या शिकारीला हंगामाचं बंधन नाही. हरणाला मात्र हंगाम आहे, आणि ऑक्टोबरात, नेहमीच्या बंदुका सुरू होण्याआधी, ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळे दिवस राखलेले असतात.

माझं मूळ गाव सिंधुदुर्गात. तिथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही घरोघर सापडतात, त्यामुळे बार भरणं, गजाने ठासणं हे शब्द मला नवे नव्हते. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंद आहे हेच योग्य आहे. मी लिहितो आहे ते फक्त इथल्या जंगलाबद्दल आणि इथल्या कायद्याच्या चौकटीत.

इथली आजची ठासणीची बंदूक जुन्या बंदुकीसारखी दिसत नाही. १९८५ साली मिसुरीतल्या टोनी नाइट यांनी आपली एमके-८५ बाजारात आणली आणि पेटवणारी टोपी बाजूला न राहता थेट दारूच्या मागे, नळीच्या रेषेत आली. आता बहुतेक बंदुकांत शॉटगनच्या काडतुसाचा २०९ प्रायमर बसतो, दारूच्या तयार वड्या मिळतात आणि दुर्बीणही लावता येते. पण मूळ रीत तीच आहे. आधी दारू, त्यावर गोळी, दोन्ही तोंडाकडूनच, आणि बार एकच. उडाला की समोर पांढऱ्या धुराचा ढग उभा राहतो आणि पुन्हा भरेपर्यंत जनावर राहत नाही.

नळी बहुधा ०.५० कॅलिबरची, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाची. तिच्यात प्लास्टिकची छोटी वाटी वापरून तिच्याहून बारीक गोळी बसवता येते. या वाटीला सॅबो म्हणतात. नळीच्या बाहेर पडताच सॅबो गळून पडतो आणि गोळी पुढे जाते. सॅबोमुळे पिस्तुलाच्या गोळ्या ठासणीच्या बंदुकीत आल्या, आणि हलक्या गोळीची चलती सुरू झाली.

मला ती पटली याला कारण होतं. २५० ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची गोळी सेकंदाला १९०० फुटांनी सुटली तर तिची ऊर्जा २००० फूट-पौंड भरते. ३८५ ग्रेनची, म्हणजे २५ ग्रॅमची शिशाची गोळी १४०० फुटांनी सुटली तर साधारण १६७५. कागदावर हलकी गोळी पुढे. शिवाय ती सरळ जाते आणि शंभर यार्डांवर फार खाली पडत नाही. हरीण आडवं उभं असेल, नेम फऱ्याच्या मागे असेल, तर बरगड्या पातळ, आत फुप्फुसं, आणि हलकी गोळी तिथे उत्तम काम करते. पांढऱ्या शेपटीचं हरीण तिने जागेवर पडताना मी पाहिलेलं आहे, आणि ते मी आजही नाकारत नाही.

पण ऊर्जेचा आकडा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेगवान गोळी कागदावर नेहमीच जिंकते. ती गोळी मांसात किती खोल जाईल हे त्या आकड्यातून कळत नाही. गोळी खोल जाते ती वजनाच्या आणि अखंड राहण्याच्या बळावर. पिस्तुलाची गोळी घडवलेली असते ती सेकंदाला हजार ते चौदाशे फुटांच्या वेगासाठी. तेवढ्या वेगाला ती नीट फुलावी इतकं तिचं शिसं मऊ आणि वरचं तांब्याचं कवच पातळ ठेवलेलं असतं. तीच गोळी दारूच्या तीन वड्यांवर दोन हजार फुटांच्या वेगाने सोडली तर ती आत शिरताच फार लवकर फुलते, कधी कवच आणि शिसं वेगळं होतं, आणि उरलेला तुकडा खोल जात नाही.

याचा परिणाम उलटा असतो, आणि माझं मत फिरायला तो फार उपयोगी पडला. आपण समजतो की लांबचा नेम गोळीची परीक्षा पाहतो. पण वेगवान, मऊ गोळीची खरी परीक्षा जवळच असते. शंभर यार्डांवर तिचा वेग उतरलेला असतो आणि ती बेताने फुलते. तीस यार्डांवर, झाडीच्या कडेला, ती पूर्ण वेगात असते आणि तिथेच तुटते. आणि इथली डुकरं दिसतात ती बहुधा जवळच.

डुकराचं शरीर हरणासारखं नसतं. त्याचं हृदय आणि फुप्फुसं पुढे आणि खाली, दोन पुढच्या पायांच्या मध्ये दडलेली असतात. हरणाच्या सवयीने फऱ्यामागे नेम धरला तर गोळी पोटात जाण्याचा धोका मोठा. म्हणून नेम फऱ्यावरच धरावा लागतो, आणि वाढलेल्या नराच्या फऱ्यावर चिवट, तंतुमय ऊतीचं कवच असतं. नर एकमेकांशी सुळ्यांनी झुंजतात, त्या घावांपासून ते त्यांना राखतं. सुरी त्यावर घसरते. वयस्क नरात ते इंचभर, कधी त्याहूनही जाड असतं.

अशाच एका एकांड्या नराचं कातडं सोलताना मी त्या कवचात बोट घातलं तेव्हा काहीतरी टणक लागलं. कापून पाहिलं तर आत एक जुनं शिसं रुतून बसलेलं होतं, चपटं, काळवंडलेलं, कडेला तांब्याच्या कवचाची एक वळलेली पट्टी. त्याच्याभोवती पांढऱ्या तंतूंची पिशवी तयार झाली होती. कुणाची तरी गोळी, कधीतरी, नेमकी योग्य जागी लागली होती आणि कवचाच्या आत पोचलीच नव्हती. ते जनावर ती जखम घेऊन जगलं, भरून निघेपर्यंत झिजलं असणार. नेम बरोबर असूनही गोळीने साथ सोडली, याचा इतका स्पष्ट पुरावा मी आधी हातात धरला नव्हता. त्या दिवसापासून ऊर्जेचे आकडे मी वाचतो, पण त्यांच्यावर निर्णय घेत नाही.

त्याच सुमाराला मी शेजारच्या एका वयस्क शेतकऱ्याकडे नीट लक्ष देऊ लागलो. तो जुन्या पद्धतीच्या रायफलीतून शिशाची गोल गोळी झाडतो. ०.४९० इंचाची, १७७ ग्रेनची, तेल लावलेल्या सुती चिंधीत गुंडाळून ठासलेली. नळीतला पीळ सावकाश, ६६ इंचांना एक फेरा, कारण गोल गोळीला फार फिरवावं लागत नाही. कागदावर ही गोळी सगळ्यांत मागे. हवेत तिचा वेग भराभर उतरतो, म्हणून तो पंच्याहत्तर यार्डांपलीकडे बार टाकत नाही. पण मऊ, अखंड शिशाची ती गोळी तुकडे न होता हरणाच्या दोन्ही बाजूंनी आरपार जाते. तिचा मार्ग मी हरणाच्या छातीत पाहिला आहे. भोक स्वच्छ, आणि बाहेरच्या बाजूने माग ठळक.

गोळी बाहेर पडल्याचं भोक डुकराच्या बाबतीत तर फारच महत्त्वाचं. त्याच्या अंगावर चरबीचा थर असतो आणि आत शिरल्याचं भोक त्या चरबीने बुजतं. जे रक्त येतं ते राठ केसांत मुरतं. गोळी पलीकडून, तीही खालच्या बाजूने, बाहेर पडली नाही तर रात्रीच्या दलदलीत माग काढणं कठीण होतं, आणि जखमी जनावर तसंच राहतं.

मग मी नळीच्या पूर्ण व्यासाची, जड, शिशाची लांबट गोळी वापरून पाहिली. १:२८ पिळाच्या माझ्या नळीत ती सॅबोशिवाय बसते. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात सॅबोला आणि वड्यांना मनाई आहे, तिथले शिकारी याच गोळीने मोठी जनावरं पाडतात. ती खोल जाते यात शंका नाही. पण हे मांस माझ्या घरात शिजतं, आणि मुलं ते खातात. २००८ साली उत्तर डकोटात दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण आढळले आणि त्यानंतरच्या तपासात शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त दिसलं. कॅलिफोर्नियाने कॉन्डोर गिधाडांसाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं. हळू जाणारं अखंड शिसं वेगवान गोळीपेक्षा कमी फुटतं हे मान्य. तरी पर्याय हाताशी असताना मुलांच्या ताटासाठी मला तो हवा होता.

म्हणून आज माझ्या बंदुकीत २९० ग्रेनची, सबंध तांब्याची गोळी असते, सॅबोत बसवलेली. तिचं तोंड पोकळ असल्याने ते पाकळ्यांसारखं उलगडतं, पण तिच्यात वेगळं व्हायला कवच आणि शिसं असं काही नाहीच. वजन जवळपास सगळं टिकतं. मी तीन वड्या सोडून दिल्या आणि मापाने ९० ग्रेन सुटी दारू घालतो, कारण माझ्या नळीत तिथे छिद्रं कागदावर सगळ्यांत जवळजवळ पडतात. या गोळीची उणीवही सांगतो. तांबं उलगडायला वेग लागतो, म्हणून लांबच्या नेमाला ती चांगली नाही. मी शंभर यार्डांवर थांबतो. आणि फुप्फुसात लागलेलं हरीण हलक्या गोळीने पडतं तसं जागेवर न पडता काही वेळा थोडं धावतं. पण माग असतो, आणि मागाच्या शेवटी हरीण असतं. ती किमतीलाही महाग आहे, पण एका हंगामात लागणाऱ्या गोळ्या मोजक्याच असतात.

कुणी विचारतं, हरणाला एक आणि डुकराला दुसरी गोळी का नाही वापरत? कारण ठासलेली गोळी बदलता येत नाही. संध्याकाळी मचाणावर बसलो की समोर काय येईल ते माझ्या हातात नसतं. भुईमुगाच्या कडेला हरिणी येईल, तिच्यामागे डुकरीण पिल्लं घेऊन येईल, किंवा एकटाच सुळेवाला नर तिरका उभा राहील. काडतुसाच्या रायफलीत गोळी बदलायला क्षण लागतो. इथे दारू आणि गोळी दोन्ही गजाखाली गेलेली असतात, आणि निर्णय दुपारीच, घरी झालेला असतो. तेव्हा जी गोळी भरायची ती त्या संध्याकाळच्या सगळ्यांत अवघड जनावराला आणि सगळ्यांत वाईट कोनाला पुरेल अशीच हवी. सोप्या नेमाला जवळजवळ कोणतीही गोळी चालते.

हेच मी आता नवख्यांना सांगतो. डब्यावरचा वेग वाचून गोळी घेऊ नका. आपल्या नळीचा पीळ पाहा, दोन-तीन जातींच्या गोळ्या आणून कागदावर झाडून पाहा, गजावर खूण करा म्हणजे गोळी दारूवर पूर्ण बसली की नाही ते कळेल. डुक्कर सोलताना हातमोजे घाला, कारण त्याच्यापासून ब्रुसेलोसिस माणसाला होतो, आणि मांस पूर्ण शिजवा. आणि मनाशी ठरवा, की कोणत्या कोनावर, किती अंतरावर मी बार टाकणार नाही. माझ्या गोळीने त्या मर्यादेच्या आतल्या प्रत्येक जनावराला लवकर मरण दिलं पाहिजे. ते देऊ शकणार नसेल तर ती गोळी कितीही वेगवान असली तरी मला नको.