ठरल्या वेळेची जोखीम

चलनबाजारात व्यवहार करणाऱ्यांच्या हाती आर्थिक दिनदर्शिका नावाचे जे साधन असते, त्यात कोणत्या देशाची कोणती आकडेवारी किंवा कोणत्या मध्यवर्ती बँकेचा निर्णय कोणत्या दिवशी, किती वाजता जाहीर होणार हे आगाऊ नोंदलेले असते, आणि प्रत्येक नोंदीपुढे मागील आकडा, अर्थतज्ज्ञांच्या अंदाजांचा मध्य आणि प्रसिद्धीनंतरचा प्रत्यक्ष आकडा अशी तीन घरे असतात. नवशिका माणूस या तीन घरांकडे भाव वर जाणार की खाली हे ओळखण्यासाठी पाहतो आणि तिथेच फसतो. भाव कोणत्या दिशेने जाईल हे दिनदर्शिका सांगत नाही; तो कोणत्या घटकेला एकाएकी उसळू किंवा कोसळू शकतो एवढेच ती सांगते. त्यामुळे नफा शोधण्यापेक्षा, त्या घटकेला आपले किती डॉलर उघड्यावर आहेत हे मोजण्यासाठी तिचा उपयोग करणे शहाणपणाचे ठरते.

हा हिशेब केवळ महानगरांपुरता नाही, लहान गावांनाही तो लागतो. पुणे-सोलापूर महामार्गावर जेथून बारामतीचा रस्ता फुटतो त्या पाटस गावाचा या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. पण गावाच्या आसपासचे उद्योग पाहिले की उत्तर मिळते. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे, दौंड तालुक्यात आलेगाव आणि यवतच्या परिसरातही साखर कारखाने आहेत, आणि महामार्गाने थोडे पूर्वेला गेले की कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते, जेथे सिप्ला, एमक्युअर, अल्काइल अमाइन्स यांसारख्या औषध आणि रसायन उद्योगांचे कारखाने आहेत. साखरेचा जागतिक भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कच्च्या साखरेसाठी पौंडाला सेंटमध्ये आणि लंडनच्या बाजारात पांढऱ्या साखरेसाठी टनाला डॉलरमध्ये ठरतो, औषधांचा कच्चा माल डॉलर मोजून येतो आणि तयार मालाचे बिल बहुधा डॉलरमध्येच वसूल होते. दोन लाख डॉलरचे बिल तीन महिन्यांनी हाती येणार असेल आणि तेवढ्यात रुपया चाळीस पैशांनी वधारला, तर निर्यातदाराचे ऐंशी हजार रुपये माल निर्दोष असूनही जातात.

रुपयाच्या बाबतीत दिनदर्शिका वाचताना आकड्याइतकेच घड्याळाकडे लक्ष द्यावे लागते, आणि या बाबीकडे मराठी वाचकांसाठीच्या लेखनात फारसे कोणी वळत नाही. देशातील बँकांमधला डॉलरचा बाजार सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन आणि शेअर बाजारांवरील चलन वायद्यांचा व्यवहार सायंकाळी पाचपर्यंत चालतो. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचा, म्हणजे रेपो दर ठरवणाऱ्या सहा सदस्यांच्या मंडळाचा, निर्णय साधारण दर दोन महिन्यांनी सकाळी दहाला गव्हर्नर वाचून दाखवतात, म्हणजे बाजार पूर्ण जागा असताना. किरकोळ महागाईचा आकडा मात्र दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास प्रसिद्ध होतो आणि त्याची वेळ २०२४ च्या अखेरीस साडेपाचवरून चारवर आणली गेली. अमेरिकेतील शेतीबाह्य रोजगाराचा आकडा, जो सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो, तेथे सकाळी साडेआठला प्रसिद्ध होतो, तेव्हा भारतात उन्हाळ्यात सायंकाळचे सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक वर्षातून आठ वेळा व्याजदर जाहीर करते, तो निर्णय येथे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला, म्हणजे दुसऱ्या तारखेत पोहोचतो. (अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर सरकवली जातात आणि तेव्हा पत्रकात लिहून ठेवलेल्या भारतीय वेळा चुकतात.) थोडक्यात, रुपयाला हलवणाऱ्या सर्वांत मोठ्या बातम्या रुपयाचा बाजार बंद असताना येतात. त्यामुळे त्यांचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, आदल्या बंद भावापासून तुटून उघडलेल्या भावात दिसतो, आणि तोटा मर्यादित ठेवण्यासाठी आधी लावून ठेवलेली विक्रीची सूचना, ज्याला बाजारात स्टॉप लॉस म्हणतात, त्या तुटलेल्या जागेत निरुपयोगी ठरते, कारण मधल्या भावांना कोणताही व्यवहार झालेलाच नसतो.

आकडा चांगला की वाईट हेही बाजाराला तितकेसे महत्त्वाचे वाटत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील तफावत मात्र महत्त्वाची असते, कारण अंदाज आधीच भावात उतरलेला असतो. याचा धडा २०१३ सालाने दिला. त्या वर्षी २२ मे रोजी फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांची अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त आर्थिक समितीपुढील साक्ष दिनदर्शिकेत नोंदलेली होती. त्यांच्या लेखी निवेदनात बाजाराला दचकवील असे काही नव्हते. पण प्रश्नोत्तरात, पुढील काही बैठकांमध्ये फेडरल रिझर्व्हची रोखेखरेदी कमी करता येईल असे त्यांनी सूचित केले, आणि त्या वेळी ५५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टपर्यंत ६८ रुपयांवर गेला. मग १८ सप्टेंबरला, खरेदीत कपात होणारच असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असताना, फेडरल रिझर्व्हने महिन्याला ८५ अब्ज डॉलरची खरेदी तशीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी रुपया दीड रुपयाहून अधिक सावरला. पहिल्या प्रसंगी वेळ ठाऊक होती पण धोका निवेदनात नसून उत्तरात होता, दुसऱ्या प्रसंगी काहीही बदलले नाही हीच बातमी ठरली. दोन्ही वेळा दिनदर्शिकेतील अंदाजाच्या घरावर भिस्त ठेवणाऱ्यांचे नुकसान झाले असणार.

प्रत्यक्ष नियोजन करताना निर्यातदाराने आपली येणी आणि आयातीची देणी एकाच कागदावर तारखेनुसार मांडावीत आणि जो फरक उरेल तेवढ्याचाच विचार करावा, कारण कच्चा माल डॉलरमध्ये घेणाऱ्या कुरकुंभच्या कारखान्याची बरीच जोखीम त्याच्या स्वतःच्या वहीत एकमेकांना छेद देऊन संपते. उरलेल्या रकमेसाठी बँकेकडून फॉरवर्ड करार घेता येतो, म्हणजे पुढील तारखेच्या डॉलरचा भाव आजच बांधून घेता येतो; भारतातील व्याजदर बहुतेक काळ अमेरिकेपेक्षा चढे राहिल्याने हा पुढचा भाव सहसा आजच्यापेक्षा थोडा जास्त असतो, आणि तो जास्तीचा अंश, ज्याला प्रीमियम म्हणतात, निर्यातदाराला मिळतो व आयातदाराला मोजावा लागतो. दिनदर्शिकेचा उपयोग येथे होतो: फेडरल रिझर्व्हच्या रात्रीपूर्वी या उरलेल्या रकमेचा निम्मा किंवा दोन-तृतीयांश भाग बांधून टाकावा आणि बाकीच्याचा निर्णय दुसऱ्या दिवशी बाजार स्थिरावल्यावर घ्यावा. पुष्कळ निर्यातदार मात्र रुपया कायम घसरतच राहणार या समजुतीवर सगळे डॉलर उघडे ठेवतात आणि ‘फेडचे होऊन जाऊ द्या, मग बघू’ म्हणत दर सहा आठवड्यांनी तोच निर्णय पुढे ढकलतात. त्यांच्यासाठी दिनदर्शिका टाळाटाळीची सबब झालेली असते.

व्यापाराचा हेतू नसून केवळ भावावर पैज लावायची असेल, तर कायदा काय म्हणतो तेही सांगणे भाग आहे. भारतात डॉलर-रुपयाचे वायदे राष्ट्रीय शेअर बाजारात २९ ऑगस्ट २००८ रोजी सुरू झाले, एक लॉट हजार डॉलरचा ठेवला गेला, आणि भावातील किमान बदल पाव पैशाचा असल्याने एका लॉटला त्याची किंमत अडीच रुपये होते. या सोयीमुळे ज्यांच्याकडे डॉलरचे येणे किंवा देणे काहीच नाही असे हजारो लोक तेथे उतरले. रिझर्व्ह बँकेच्या ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने, जे पुढे ३ मे २०२४ पासून लागू झाले, रुपयाशी जोडलेला वायदा करणाऱ्याकडे खरेखुरे परकीय चलनाचे येणे-देणे असलेच पाहिजे हे स्पष्ट केले; दहा कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रे दाखवावी लागत नाहीत, पण तसे येणे-देणे असणे मात्र बंधनकारक आहे. परदेशी ऑनलाइन मंचांवर युरो-डॉलरचे सौदे करण्यासाठी भारतातून मार्जिन पाठवणे परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९ खाली चालत नाही आणि अशा मंचांची सावधान-यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध करते. मोबाइलवर दिसणारी आर्थिक दिनदर्शिका अनेकदा याच मंचांच्या पानांवर फुकट मिळते, ही गोष्ट योगायोगाची नाही.

दिनदर्शिकेत न येणाऱ्या घटनांचा विचार केल्याशिवाय तिचे मोल ठरत नाही. १५ जानेवारी २०१५ रोजी सकाळी रिझर्व्ह बँकेने बैठकीची वाट न पाहता रेपो दर पाव टक्क्याने उतरवला, आणि त्याच दिवशी दुपारी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकचा आधार अचानक काढून घेतला, तेव्हा काही चलनदलाल संस्था अक्षरशः बुडाल्या. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने पुन्हा ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर ०.४० टक्के वाढ जाहीर केली, तीही फेडरल रिझर्व्हच्या नोंदलेल्या बैठकीच्याच दिवशी. उलट प्रकार २०२५ च्या शरद ऋतूत घडला: अमेरिकी सरकारचे कामकाज निधीअभावी थांबल्याने सप्टेंबरचा रोजगार आकडा २० नोव्हेंबरला आला आणि दिनदर्शिकेतील घरे आठवडेच्या आठवडे रिकामी राहिली.

दौंड-शिरूरच्या शेतमालाला तर चलनाहूनही मोठा धक्का अशा बिगरनोंदीच्या बातमीचाच बसतो. कांद्याच्या निर्यातीवर ८ डिसेंबर २०२३ रोजी बंदी आली आणि ४ मे २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्कासह ती उठली. साखरेच्या निर्यातीला २०२३-२४ च्या हंगामात सर्वसाधारण मुभा मिळालीच नाही आणि २०२४-२५ साठी दहा लाख टनांची मुभा थेट २० जानेवारी २०२५ रोजी, गाळप निम्म्यावर आल्यावर, जाहीर झाली. अशी मुभा मिळाली की कारखान्याला भाव बांधायला फार दिवस मिळत नाहीत. त्यातच जगातील सर्वांत मोठा साखर निर्यातदार ब्राझील असल्याने तेथील रियाल हे चलन डॉलरपुढे घसरले की तेथील कारखान्यांना त्याच डॉलरमध्ये अधिक रियाल मिळतात, ते विक्री वाढवतात आणि न्यूयॉर्कचा भाव उतरतो. म्हणून साखर कारखान्याच्या निर्यात विभागाने अमेरिकेच्या रोजगाराबरोबरच ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेच्या वर्षातील आठ बैठका आणि तेथील ऊस उद्योगसंघाचा पंधरवड्याचा गाळप अहवालही नोंदवून ठेवावा, आणि साखरेचा सौदा ज्या दिवशी पक्का होईल त्याच दिवशी डॉलरचा भावही बांधून घ्यावा. साखरेवरचा नफा पक्का करून डॉलर उघडा ठेवणे म्हणजे एका बाजारातून बाहेर पडून, न मागता, दुसऱ्यात उभे राहणे होय.