पक्षी कमी झाले, की ऐकू येणं?

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षीगणना होते. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम २०१३ पासून जगभर चालतो. त्याच दिवसांत आपल्याकडे ‘कॅम्पस बर्ड काउंट’ असतो. महाविद्यालयं, विद्यापीठं यांच्या आवारात विद्यार्थी, शिक्षक आणि फिरायला येणारी मंडळी मिळून पक्षी मोजतात. नियम सोपा आहे: किमान १५ मिनिटं थांबायचं आणि दिसलेला किंवा ऐकू आलेला जो पक्षी ओळखता येईल तो आकड्यासह ‘ई-बर्ड’वर नोंदवायचा. कावळा, साळुंकीसुद्धा सोडायची नाही.

पुणे विद्यापीठाच्या आवारात जुनी झाडं भरपूर. तिथल्या अशाच एका फेरीत माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “डॉक्टर, आता पूर्वीसारखे पक्षीच राहिले नाहीत हो.” शेजारची विद्यार्थिनी त्याच वेळी वहीत लिहीत होती, ‘फुलटोच्या – २’. सरांना तांबटाची टुकटुक आणि भारद्वाजाचं घुमणं छान ऐकू येत होतं. फुलटोच्या, चष्मेवाला यांचे बारीक, उंच पट्टीतले आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

पक्षी खरोखर कमी झाले का, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून ठरतं. सरांना मी आधी कानांची नोंद करायला, म्हणजे ऑडिओमेट्री करायला सांगितलं.

वयानुसार आंतरकर्णातल्या नाजूक पेशी झिजतात आणि सर्वात आधी उंच पट्टीतले आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजनंही त्याच पट्टीतली. म्हणून माणूस म्हणतो, “ऐकू येतं, पण कळत नाही.” नातीचा फोन आला की सर तो लगेच बाईंच्या हातात द्यायचे. घरच्यांना वाटायचं, यांना बोलण्यात रस नाही!

तपासणीत दोन्ही कानांना श्रवणदोष निघाला. “चष्मा ठीक, पण कानाला मशीन नको,” असं महिनाभर चाललं. शेवटी त्यांनी श्रवणयंत्र घेतलं. सवय व्हायला काही आठवडे गेले. आता नातीशी ते स्वतः बोलतात.

हे का महत्त्वाचं? ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. श्रवणदोष त्यांपैकी एक आहे.

पुढील गोष्टी जाणवल्या तर कान तपासून घ्या:

• टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटणं
• गर्दीत बोलणं न समजणं
• सतत “काय?” विचारावं लागणं
• कानात गुणगुण होणं

कधी कारण नुसता मळही असतो. तो डॉक्टरांकडून काढून घ्या, काडी घालू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अशा वेळी उपचार लवकर सुरू होणं फार गरजेचं असतं.

आणि येत्या फेब्रुवारीत जवळच्या आवारात पक्षी मोजायला जरूर जा. सोबत घरातल्या एखाद्या तरुणाला न्या. त्याला ऐकू आलेले किती आवाज तुम्हालाही आले, ते बघा.